कांदा आणि हृदयाचें आरोग्य



आपल्या स्वयंपाकघरांत ज्याच्यावांचून बहुधा एक दिवसहि पार पडत नाहीं, आणि तरीहि ज्याचें नांव चारचौघांत मोठ्या अभिमानानें कोणी घेत नाहीं, असा पदार्थ कांद्यासारखा दुसरा सांपडणें कठीण आहे. मनुस्मृतीनें त्याला पंगतींतून उठविलें. चरकसंहितेनें मात्र तो बल्य, रुचिकर आणि पचण्यास जड असल्याचें सांगून त्याला आहारांत जागा दिली. चातुर्मास लागला कीं पुष्कळ घरांतून त्याची हकालपट्टी होते, आणि ती होण्यापूर्वीं आषाढ शुद्ध नवमीस, म्हणजे कांदेनवमीस, भजीं, थालीपीठ आणि भरीत यांच्या रूपानें त्याला थाटाचा निरोपहि मिळतो. फाजील सोवळेपणा मिरविणारा मनुष्य ‘नाकानें कांदे सोलतो’ असें आपण म्हणतों, आणि घरीं गेल्यावर त्याच कांद्याच्या फोडणीचा वास आला कीं आपली भूक चाळवते.

अशा ह्या पदार्थाची अलीकडे एक नवीच कीर्ति पसरली आहे. कांदा हा हृदयाचा मित्र आहे, असें जो तो सांगूं लागला आहे. कोणी सकाळीं उपाशीं पोटीं कांद्याचा रस घ्यावयास सांगतो. कोणी कांद्यांतील सत्त्व काढून केलेल्या गोळ्या बाजारांत आणतो. आणि कोणी तर याच्यापुढें जाऊन, कांदा नियमानें खाल्ला म्हणजे रक्तदाबाचें औषध घेण्याचें कारण उरत नाहीं, असेंहि बिनदिक्कत सांगतो. ज्या घरांत कर्त्या पुरुषाला किंवा गृहिणीला रक्तदाबाचा विकार जडलेला आहे, त्या घरीं असा सल्ला नुसता ऐकून सोडून दिला जात नाहीं; तो आचरणांत आणला जातो. म्हणून ह्या म्हणण्यांत खरें किती आणि अतिशयोक्ति किती, याची शांतपणें छाननी करणें अवश्य आहे. तीच आज आपल्यापुढें करावयाची आहे.

प्रथम हृदयाला होतें काय, तें पाहूं. हृदय म्हणजे मुठीएवढा एक स्नायू. तो मिनिटास सुमारें ७० वेळां, म्हणजे दिवसाकांठीं सुमारें १ लाख वेळां आकुंचन पावतो. सबंध शरीराला रक्त पुरविणाऱ्या ह्या अवयवाला स्वतःलाहि रक्त लागतेंच, आणि तें त्याला त्याच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या बारीक रोहिण्यांतून मिळतें. ह्या रोहिण्यांच्या भिंतींत वर्षानुवर्षें चरबीयुक्त थर सांचत जातो. हें काम तरुणपणींच सुरू होतें आणि पुष्कळ वर्षें त्याची चाहूलहि लागत नाहीं. मग एखादे दिवशीं तो थर फुटतो, त्या जखमेवर रक्त गोठून गुठळी धरते आणि वाट बंद होते. वाटेपलीकडील स्नायूचा भाग रक्तावांचून मरूं लागतो. यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतों.

म्हणजे ह्या आपत्तीचीं मुख्य अंगें तीन झालीं. रोहिणीच्या भिंतीवर पडणारा रक्ताचा अधिक दाब, हें पहिलें; भिंतींत सांचणारी चरबी, हें दुसरें; आणि आयत्या वेळीं होणारी गुठळी, हें तिसरें. कांदा हृदयाला उपकारक असेलच, तर तो ह्या तिहींपैकीं कोठेंतरी उपयोगी पडला पाहिजे. नुसतें ‘शक्ति येते’ किंवा ‘रक्त शुद्ध होतें’ असें म्हणून भागणार नाहीं.

हा विचार आपणांस इतरांपेक्षां अधिक अगत्याचा आहे, याचेंहि कारण सांगितलें पाहिजे. ५२ देशांत मिळून केलेल्या ‘इंटरहार्ट’ नांवाच्या पाहणीचे निष्कर्ष २००४ सालीं प्रसिद्ध झाले. त्याच पाहणीच्या आधारें पुढें असें दाखविण्यांत आलें कीं, दक्षिण आशियांतील लोकांना पहिला झटका सर्वसाधारणपणें ५३ व्या वर्षाच्या सुमारास येतो. इतर देशांतील लोकांना तो ५९ व्या वर्षाच्या सुमारास येतो. सहा वर्षांचा हा फरक कागदावर लहान दिसतो. परंतु ५३ व्या वर्षीं मुलांचीं शिक्षणें पुरीं झालेलीं नसतात, घराचें कर्ज फिटलेलें नसतें, आणि पुष्कळदां वृद्ध आईबापहि त्याच माणसावर अवलंबून असतात. तेव्हां आपल्या ताटांतील एखादा स्वस्त पदार्थ ह्या संकटास थोडासा जरी आळा घालीत असेल, तरी त्याची माहिती आपणांस असली पाहिजे. आणि घालीत नसेल, तर त्यावर विसंबून राहण्याचा धोकाहि आपणांस ठाऊक असला पाहिजे.

आतां कांद्याकडे वळूं. कांदा चिरतांना डोळ्यांत पाणी येतें, हा अनुभव सर्वांचाच आहे. पण अखंड कांदा नाकाशीं धरला तर त्याला फारसा वास येत नाहीं. याचें कारण मोठें मौजेचें आहे. कांद्याच्या प्रत्येक पेशींत गंधकयुक्त द्रव्यें एका कप्प्यांत आणि त्यांचें विघटन करणारें विकर, ज्याला एन्झाइम म्हणतात, तें दुसऱ्या कप्प्यांत, असे दोघे शेजारी असून एकमेकांपासून दूर ठेवलेले असतात. सुरी लागली कीं कप्पे फुटतात, दोघांची गांठ पडते आणि क्षणार्धांत उग्र अशीं नवीं द्रव्यें जन्मास येतात. त्यांतलेंच एक हवेंत मिसळून डोळ्यांना झोंबतें. फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी वीर्तानेन, ज्यांना १९४५ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें होतें, त्यांनीं ह्या द्रव्यांचें परिशीलन केलें होतें. आणि डोळ्यांना पाणी आणणारें द्रव्य घडविणारें स्वतंत्र विकर जपानी शास्त्रज्ञांनीं २००२ सालीं उजेडांत आणलें. गृहिणीच्या अश्रूंमागें एवढी मोठी रसायनशाळा आहे!

ह्या गंधकयुक्त द्रव्यांचा हृदयाशीं संबंध येतो तो गुठळीच्या द्वारें. रक्तांत बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, नांवाचे अति सूक्ष्म कण असतात. जखम झाली असतां ते एकमेकांस चिकटतात व गुठळीचा पाया घालतात. कच्च्या कांद्याचा रस परीक्षानळींतील रक्तांत मिसळला, तर बिंबिकांची ही चिकटण्याची प्रवृत्ति कमी होते, असें प्रयोगशाळेंत पुनःपुन्हां दिसून आलें आहे. कांदा बराच वेळ शिजविला कीं हा गुण नाहींसा होतो, हेंहि तितकेंच खरें. कारण उष्णतेनें विकर निकामी होतें आणि उग्र द्रव्यें टिकत नाहींत.

कांद्यांतील दुसरें महत्त्वाचें द्रव्य म्हणजे क्वेर्सेटिन. कांद्याच्या सुक्या सालींनीं कापड पिवळें-तपकिरी रंगवितां येतें, तें ह्याच कुळांतील रंगद्रव्यांमुळें. हें द्रव्य इतर वनस्पतींतहि आढळतें. परंतु रोजच्या खाण्यांतील पदार्थांत कांद्याइतका त्याचा सांठा थोड्याच पदार्थांत असतो. १०० ग्रॅम रंगीत कांद्यांत तें साधारणतः २० ते ५० मिलिग्रॅम असतें. शिवाय कांद्यांत तें शर्करेशीं जोडलेल्या रूपांत असल्यामुळें आंतड्यांतून चांगलें शोषलें जातें. हॉलंडमध्यें १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत असें आढळलें कीं, कांद्यांतून दिलेल्या क्वेर्सेटिनपैकीं सुमारें ५२ टक्के शोषलें गेलें. तेंच शुद्ध स्वरूपांत दिलें असतां सुमारें २४ टक्केच शोषलें गेलें. निसर्गानें बांधून दिलेली पुडी माणसानें बांधलेल्या पुडीपेक्षां ह्या बाबतींत सरस ठरली.

तिसरी गोष्ट अगदीं साधी आहे, आणि म्हणूनच बहुधा कोणी सांगत नाहीं. १०० ग्रॅम कच्च्या कांद्यांत सुमारें ८९ ग्रॅम पाणीच असतें. त्यापासून मिळणारी उष्णता अवघी ४० कॅलरी, सोडियम अवघें ४ मिलिग्रॅम, आणि पोटॅशियम सुमारें १४६ मिलिग्रॅम. रक्तदाबाच्या दृष्टीनें सोडियम कमी आणि पोटॅशियम अधिक असणें हितावह असतें. शिवाय थोडा चोथाहि त्यांत असतो. एवंच, कांदा हा पोट भरणारा, चव देणारा, आणि तरीहि चरबी व मीठ यांची भर न घालणारा पदार्थ आहे.

येथवर झाली ती कांद्याच्या अंगच्या गुणांची कथा. परंतु परीक्षानळींत जें घडतें, तें माणसाच्या शरीरांत घडेलच असें नाहीं. म्हणून माणसांवर काय प्रयोग झाले, हें पाहणें प्राप्त आहे.

ह्या बाबतींत आपल्या देशानें पुष्कळ आधीं पाऊल टाकलें होतें. १९६६ सालीं लखनौ येथील डॉक्टरांनीं असें दाखविलें कीं, लोण्यासारख्या स्निग्ध पदार्थांचें जेवण दिल्यावर रक्तांत जे अनिष्ट फेरफार होतात, ते त्याच जेवणाबरोबर कांदा दिला असतां बरेच आटोक्यांत राहतात. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९६८ सालीं, इंग्लंडांतील न्यूकॅसल येथील डॉक्टरांनीं दुखण्यांतून उठणाऱ्या रुग्णांना स्निग्ध न्याहारीबरोबर कांदा दिला. रक्तांतील गुठळी विरघळविण्याची जी नैसर्गिक शक्ति असते, ती कांद्यामुळें वाढलेली आढळली. आणि विशेष हें कीं, तो कांदा तळलेला किंवा उकडलेला होता. म्हणजे कांद्याचे सगळेच गुण शिजविल्यानें जातात असेंहि नाहीं.

१९७९ सालीं प्रसिद्ध झालेली डॉ. सैनानी व त्यांचे सहकारी यांची पाहणी तर फारच उद्बोधक आहे. जैन समाजांत कांदा-लसूण मुळींच न खाणारीं घराणीं असतात, तशींच तीं खाणारींहि असतात. आणि दोहोंचा आहार शाकाहारीच असतो. त्यामुळें तुलना करणें सोपें जातें. आठवड्यास ६०० ग्रॅम वा अधिक कांदा आणि ५० ग्रॅम वा अधिक लसूण खाणारे, आठवड्यास सुमारें २०० ग्रॅम कांदा आणि १० ग्रॅम लसूण खाणारे, आणि दोन्ही पूर्णपणें वर्ज्य करणारे, असे तीन गट त्यांनीं घेतले. पहिल्या गटाच्या रक्तांत कोलेस्टेरॉलचें प्रमाण सरासरीनें १५९, दुसऱ्यांत १७२ आणि तिसऱ्यांत २०८ मिलिग्रॅम भरलें. आंकडे लक्षांत राहण्यासारखे आहेत खरे. पण त्यांत कांद्याबरोबर लसूणहि होता, हें विसरून चालणार नाहीं. शिवाय कांदा वर्ज्य करणाऱ्या व न करणाऱ्या घरांत तूप, मिठाई, उपास आणि श्रम यांचें मानहि सारखेंच असेल, असें कोणीं सांगावें?

यूरोपांतील मोठ्या पाहण्यांकडे पाहिलें तरी असेंच दिसतें. हॉलंडमधील झ्युटफेन गांवीं ६५ ते ८४ वर्षें वयाच्या ८०५ पुरुषांवर पांच वर्षें लक्ष ठेवण्यांत आलें, आणि तिचा निष्कर्ष १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. क्वेर्सेटिनच्या कुळांतील द्रव्यें त्यांना ६१ टक्के चहांतून, १३ टक्के कांद्यांतून आणि १० टक्के सफरचंदांतून मिळत होतीं. हीं द्रव्यें ज्यांच्या खाण्यांत सर्वांत अधिक होतीं, त्यांच्यांत हृदयविकारानें झालेल्या मृत्यूंचें प्रमाण सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या निम्म्याहून कमी निघालें. १९९६ सालीं फिनलंडमधील ५,१३३ स्त्री-पुरुषांच्या पाहणीनेंहि साधारण असेंच सांगितलें. आणि तेथें तर ह्या द्रव्यांचे मुख्य पुरवठेदार कांदा आणि सफरचंद हेच होते. उलट, वेल्समधील केरफिली येथील पुरुषांच्या पाहणीनें, जी १९९७ सालीं प्रसिद्ध झाली, असा कांहींच लाभ दाखविला नाहीं. तेथें हीं द्रव्यें मुख्यतः दूध घातलेल्या चहांतून पोटांत जात होतीं. शास्त्राचा न्याय असा असतो: अनुकूल साक्षीदाराइतकेंच प्रतिकूल साक्षीदाराचेंहि ऐकून घ्यावें लागतें.

रक्तदाबाविषयींचे प्रयोग अधिक काटेकोर आहेत. कारण त्यांत कांहींना खरी गोळी आणि कांहींना तशीच दिसणारी पण निर्गुण गोळी देऊन दोहोंची तुलना करतात. २००९ सालीं जर्मनींत स्थूल अशा ९३ स्त्री-पुरुषांना सहा आठवडे दररोज १५० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन देण्यांत आलें. त्यांचा वरचा रक्तदाब सरासरीनें २.६ मिलिमीटरनें उतरला. २०१६ सालीं अशा सात प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडण्यांत आला, तेव्हां वरचा दाब सुमारें ३ मिलिमीटरनें व खालचा सुमारें २.६ मिलिमीटरनें उतरतो असें निघालें. मात्र हा परिणाम दररोज ५०० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक मात्रा घेणाऱ्यांतच स्पष्ट दिसला.

आतां गृहिणीच्या तराजूनें हा हिशेब करून पाहूं. १०० ग्रॅम कांद्यांत २० ते ५० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन धरलें, तर १५० मिलिग्रॅमसाठीं ३०० ते ७५० ग्रॅम कांदा रोज खावा लागेल. आणि ५०० मिलिग्रॅमसाठीं १ किलोपासून अडीच किलोपर्यंत. इतका कांदा रोज खाणाऱ्या माणसाच्या रक्तदाबाची चिंता करण्यापूर्वीं त्याच्या पोटाची, आणि त्याच्या शेजारीं बसणाऱ्या मंडळींची चिंता करावी लागेल! बिंबिकांच्या बाबतींतहि असेंच झालें. २००६ सालीं सहा माणसांना क्वेर्सेटिनयुक्त कांद्याचें सार देऊन केलेल्या एका लहानशा प्रयोगांत गुठळीची प्रवृत्ति कमी झाल्याचें आढळलें. पण १९९८ सालीं हॉलंडमध्यें स्वयंसेवकांना दररोज २२० ग्रॅम कांदा खावयास घातला असतां तसा कांहीं फरक दिसला नव्हता.

ह्या सर्वांतून निष्कर्ष काय निघतो? माझ्या मतें तो असा. कांदा हृदयाला उपकारक आहे, हें म्हणणें निराधार नाहीं. रक्तदाब, चरबी आणि गुठळी ह्या तिन्ही बाबतींत त्याचा कल चांगल्या बाजूस आहे. पण तो उपकार लहान आहे, सावकाश होणारा आहे, आणि एकट्या कांद्याचा नाहीं. कांदा हा औषधालयांतला पदार्थ नसून ताटांतला पदार्थ आहे. औषधाचें माप त्याला लावलें तर तो उणा ठरतो. अन्नाचें माप लावलें तर तो पुरेपूर उतरतो. जो मनुष्य वीस-तीस वर्षें भाज्या, फळें, डाळी आणि कांदा-लसूण हें सर्व नेमानें खातो, त्याच्या रोहिण्यांना त्याचा हिशेब मिळतो. आणि जो आज कांद्याचा रस पिऊन उद्यां रक्तदाब मोजतो, त्याच्या पदरीं निराशा येते.

आतां थोडें स्वयंपाकघराविषयीं. कारण कांद्याचा गुण मिळतो कीं वायां जातो, हें पुष्कळ अंशीं तेथेंच ठरतें.

पहिली गोष्ट, कोणता कांदा घ्यावा? तांबडा किंवा पिवळसर कांदा क्वेर्सेटिनच्या दृष्टीनें अधिक चांगला. तांबड्यांत शिवाय जांभळट रंगाचीं उपकारक द्रव्येंहि असतात. अलिबागचा पांढरा कांदा गोडीला आणि मऊपणाला अप्रतिम आहे, आणि त्याच्या माळा दारांत टांगलेल्या शोभूनहि दिसतात; पण पांढऱ्या कांद्यांत हें द्रव्य फार थोडें असतें. नाशिककडील तांबडा कांदा आपल्या बाजारांत बारमहा मिळतो. त्यानें आपलें काम उत्तम भागतें.

दुसरी गोष्ट, सोलणें. क्वेर्सेटिनचा सांठा बाहेरच्या पाकळ्यांत अधिक आणि आंतल्या गाभ्यांत कमी असतो. आपण घाईनें सोलतांना सुक्या सालीबरोबर एक-दोन रसरशीत पाकळ्याहि काढून टाकतों, आणि त्यांबरोबर उत्तम भागच केराच्या टोपलींत जातो. सुकी साल तेवढी काढावी. खालची पाकळी निरोगी असेल तर ती ठेवावी.

तिसरी गोष्ट, चिरणें. शेतावरचा मनुष्य कांदा बुक्कीनें फोडून भाकरीबरोबर खातो. त्यांत अडाणीपणा आहे असें शहरी माणसास वाटतें. परंतु पेशींचे कप्पे फुटून उग्र द्रव्यें तयार होण्याचें काम त्या बुक्कीनें उत्तम साधतें. बारीक चिरण्यानेंहि तेंच होतें. कोशिंबिरींत किंवा जेवणाच्या वेळीं ताटांत थोडा कच्चा कांदा असावा तो याकरितां. मात्र तो आयत्या वेळीं चिरावा.

चौथी गोष्ट, शिजविणें. शिजविल्यानें उग्र द्रव्यें जातात, पण क्वेर्सेटिन बऱ्याच अंशीं टिकतें. कांदा उकडला तर त्यांतील कांहीं भाग पाण्यांत उतरतो. म्हणून तें पाणी फेंकूं नये, आमटींत किंवा रश्श्यांत घालावें. थोड्या तेलावर परतलेला कांदा, कांदा घालून केलेलें पिठलें, कांद्याची पात घातलेली भाजी, हीं सर्व चांगलीं. थोडा कच्चा आणि थोडा शिजविलेला, असा दोन्ही प्रकारांनीं कांदा पोटांत गेला म्हणजे दोन्ही कुळांतील द्रव्यांचा लाभ होतो.

आणि पांचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कांदा कशाबरोबर पोटांत जातो, हें पहावें. कढईभर तेलांत तळलेलीं भजीं खाऊन ‘आज हृदयासाठीं कांदा खाल्ला’ असें कोणी म्हणूं लागला, तर तें स्वतःचेंच समाधान होय. तसेंच कच्च्या कांद्यावर मिठाची मूठ उधळणें. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढ माणसास दिवसास ५ ग्रॅमहून कमी मीठ खाण्याचा सल्ला दिला आहे. म्हणजे सबंध दिवसाच्या सर्व पदार्थांत मिळून चहाचा एक लहान चमचा. आपल्या लोणच्या-पापडांनीं ती मर्यादा दुपारच्या जेवणांतच ओलांडली जाते. कांद्याचा खरा उपकार येथें होण्यासारखा आहे. कांदा, लसूण, लिंबू, कोथिंबीर यांनीं पदार्थास चव आणली, तर मीठ कमी घातलेलें जिभेला जाणवत नाहीं. ताटाच्या डाव्या बाजूस लोणच्या-पापडाच्या जागीं कांद्याची कोशिंबीर आली, तर कांद्यांतील क्वेर्सेटिन जें करील त्याहून अधिक काम न खाल्लेलें मीठ करील.

किती खावा, असें विचाराल, तर दिवसास एक मध्यम आकाराचा कांदा, सर्व पदार्थांत मिळून, निरोगी माणसास पुरेसा आहे. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे, किंवा कांद्यानें ज्यांचें पोट फुगतें, त्यांनीं कच्चा कांदा सोडून शिजविलेला थोडा खावा आणि त्रास होत असल्यास तोहि सोडावा. कांद्यावांचून कोणाचें हृदय बंद पडत नाहीं. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या ज्यांना चालू आहेत, त्यांनीं जेवणांतला नेहमींचा कांदा खाण्यास सहसा हरकत नसते. परंतु कांद्याचा रस पेलाभर पिणें, किंवा त्याच्या सत्त्वाच्या गोळ्या घेणें, हें आपल्या डॉक्टरांस विचारल्यावांचून करूं नये.

ज्यांच्या घरीं धर्माचारानें कांदा वर्ज्य आहे, किंवा जे चातुर्मासांत तो सोडतात, त्यांनीं मनांत खंत बाळगण्याचें कारण नाहीं. क्वेर्सेटिन सालीसकट खाल्लेल्या सफरचंदांत आहे, शेवग्याच्या पाल्यांत आहे, आणि कांहीं अंशीं चहांतहि आहे. श्रद्धेशीं तडजोड न करतां हृदयाचें रक्षण करतां येतें.

शेवटीं एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. ‘इंटरहार्ट’च्या ज्या पाहणीचा मीं उल्लेख केला, तिच्यांत असें दिसून आलें कीं, नऊ साध्या गोष्टींवरून झटक्याच्या धोक्याचा सुमारें ९० टक्के उलगडा होतो. धूम्रपान, रक्तांतील अनिष्ट चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, भाज्या-फळांची उणीव, व्यायामाचा अभाव आणि मद्यासंबंधींची संवय, ह्या त्या नऊ. ह्या यादींत कांद्याचा समावेश ‘भाज्या-फळें’ ह्या एका सदरांत होतो. उरलेलीं आठ सदरें कांद्यानें भरून निघत नाहींत. विडी ओढणाऱ्यानें कांदा खाऊन विडीचें पाप धुऊन निघेल अशी आशा धरूं नये. १४०-९० च्या वर दाब असलेल्या माणसाला डॉक्टरांनीं गोळी दिली असेल, तर ती कांद्याच्या भरवशावर बंद करूं नये. वर सांगितलेल्या प्रयोगांत दाब उतरला तो दोन-तीन मिलिमीटरनें. ज्याला वीस मिलिमीटरनें उतरविण्याची गरज आहे, त्याचें त्यानें भागत नाहीं. आणि वाढलेला रक्तदाब दुखत नाहीं, हीच त्याची मोठी फसवणूक आहे. औषध सोडल्यावर चार महिने कांहींच झालें नाहीं, म्हणून उपाय लागू पडला, असें मानणारीं माणसें पुष्कळदां पांचव्या महिन्यांत रुग्णालयांत येतात.

तसेंच छातींत दाबल्यासारखें दुखूं लागलें, तें डाव्या हातांत किंवा जबड्यांत पसरूं लागलें, दरदरून घाम सुटला, दम लागला, तर त्या वेळीं कांद्याचा रस, आल्याचा रस, लसणाची पाकळी, यांपैकीं कशाचाहि शोध करीत बसूं नये. वायु झाला असेल असें म्हणून पहांटेपर्यंत वाट पाहूं नये. बंद पडलेल्या रोहिणीपलीकडील स्नायू मिनिटामिनिटानें मरत असतो. महाराष्ट्रांत १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ती बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनानें रुग्णालय गांठावें. मधुमेही माणसांत व स्त्रियांत पुष्कळदां दुखणें तीव्र नसतें, नुसता अशक्तपणा, मळमळ किंवा दम एवढेंच लक्षण असतें. म्हणून त्यांच्या बाबतींत अधिक सावध असावें.

कांद्याची योग्यता यामुळें कमी होते असें नाहीं. उलट, खोट्या स्तुतीपासून त्याला सोडविल्यानें त्याची खरी योग्यता दिसूं लागते. तो स्वस्त आहे. निदान बहुतेक महिन्यांत स्वस्त असतो. तो गरिबाच्या भाकरीवर आहे आणि श्रीमंताच्या पक्वान्नांतहि आहे. संत सावता माळी यांनीं आपल्या मळ्यांतील भाजीपाल्यांत देव पाहिला. आपण तितकी उंची गांठली नाहीं, तरी त्याच भाजीपाल्यांत आपल्या आरोग्याचा एक लहानसा पण विश्वासू साहाय्यक ओळखावा, एवढें तरी आपल्या हातीं आहे. रोजच्या जेवणांत त्याला माफक जागा द्यावी, मिठाला थोडी रजा द्यावी, संध्याकाळीं अर्धा तास पायीं फिरावें, तंबाखूस घराबाहेर ठेवावें, आणि चाळिशी उलटलेल्या प्रत्येकानें वर्षांतून एकदां तरी रक्तदाब व रक्त तपासून घ्यावें. इतकें झालें म्हणजे कांद्यानें आपला वांटा उचलला, आणि आपणहि आपला उचलला, असें म्हणतां येईल.